‘गोळ्या सोडल्या, म्हणूनच झालं!’

औषधांना दाद न देणारा टीबी, म्हणजे एमडीआर, झाल्याचं कळलं की घरचे, शेजारीपाजारी, कधीकधी डॉक्टरही एकच ठरलेलं वाक्य बोलतात: मधेच गोळ्या सोडल्या असतील.

गैरसमज : एमडीआर हा स्वतःच्या हलगर्जीपणाचा आजार.

वस्तुस्थिती : आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना न जुमानणारे जंतू हवेतून थेट दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतात. २०१४–१६च्या राष्ट्रीय पाहणीत, पूर्वी टीबीचे उपचारच न घेतलेल्या रुग्णांपैकी २.८४ टक्के जणांना एमडीआर निघाला. आकडा लहान दिसतो, पण आपल्याकडे दरवर्षी टीबीचे नवे रुग्ण लाखोंनी असतात. आणि या माणसांनी सोडायला मुळात गोळी हातात घेतलीच नव्हती!

हवेतून होणाऱ्या अशा संसर्गाला घरंही हातभार लावतात. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती पाहा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. २२५ चौरस फुटांची खोली, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट, खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा. उन्हात टीबीचे जंतू मरतात. तिथे ऊनच पोहोचत नाही. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबांना आपण असा अंधार दिला, याचा मला राग येतो.

गैरसमज : कोर्स अर्धवट टाकणारा बेफिकीर असतो.

वस्तुस्थिती : काही आठवड्यांत ताप, खोकला उतरतो आणि कामावर जावंच लागतं. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. एमडीआरचा जुना कोर्स तर दीड-दोन वर्षांचा, त्यातल्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. आता निवडक रुग्णांसाठी सहा महिन्यांचा कोर्स आला आहे, हा मोठा दिलासा. पण औषध मिळायला तर हवं: २०२४च्या सुरुवातीला अनेक राज्यांत सरकारी केंद्रांवरच नेहमीच्या टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा होता. शिवाय चुकीचं औषध लिहून देणाऱ्यांचं काय? १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या धारावीच्या अभ्यासात १०० खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळे उपचार लिहून दिले होते.

गैरसमज : औषध चालू आहे ना, मग जेवणाचं काय एवढं?

वस्तुस्थिती : झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२३मध्ये निष्कर्ष आले: त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला आहारासाठी आधी महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४पासून १०००. घरातल्या बाकीच्यांच्या ताटाचा हिशेब त्यात नाही.