मतलबी म्हणे मांजर!

घरात मांजर पाळलंय म्हटलं की समोरच्याचं उत्तर ठरलेलं: "मांजर? मतलबी जात!" आपल्या म्हणी तरी बघा. शिंकं तुटतं ते बोक्याच्या फायद्यासाठी, डोळे मिटून दूध पितं ते मांजर, आणि आडवं गेलं तर काम बिघडवणारंही तेच. वर्गात हे सगळं पाठ करताना वाटायचं, या प्राण्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

बेळगावच्या कॅम्पात आमच्या कौलारू घरात तीन वर्षांपासून एक केशरी बोका आहे. अंग मुडपून झोपला की अगदी कोळंबीसारखा दिसतो, म्हणून आजीने त्याचं नाव ठेवलं सुंगट. आजी त्याला कोकणीत हाक मारते, मम्मी मराठीत रागावते, शेजारच्या काकू "बेक्कू, बा इल्ली" म्हणतात आणि मी इंग्रजीत लाड करतो. चारही भाषा त्याला कळतात, खरं ऐकत तो कुठलीच नाही.

याचं कारण त्याच्या इतिहासात आहे. कुत्रा कळपात राहणाऱ्या लांडग्यापासून आला, त्यामुळे म्होरक्याकडे बघणं त्याच्या रक्तातच. मांजराचा पूर्वज मात्र एकट्याने शिकार करणारा रानबोका. माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आपणहून दारात आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. म्हणजे ओळख जुनी आहे, पण ती हुकमाची नाही, शेजाराची आहे.

ही एक गोष्ट लक्षात घेतली की त्याचं वागणं उलगडायला लागतं. ते पायाला अंग घासतं तेव्हा नुसती मासळी मागत नसतं. त्याच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात, आणि तो वास लावून ते आपल्याला 'घरचं माणूस' ठरवत असतं. मांडीवर बसून पुढच्या पायांनी कणीक मळल्यासारखं करतं, ती आईचं दूध पितानाची सवय. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. ते बोलणं बहुतेक माणसासाठीच राखलेलं. आणि आपल्याकडे बघत हळूच डोळे मिटले तर तो विश्वास समजायचा. तुम्हीही तसेच सावकाश डोळे मिटून बघा, पुष्कळदा उत्तर मिळतं. डोळे मिटून दूध पिण्याची म्हण ज्याने केली, त्याने हे बघितलं नसावं.

फायद्यांत पहिला अर्थात उंदरांचा. बेळगावचा पाऊस सुरू झाला की बाहेरचे उंदीर तांदळाच्या डब्यापर्यंत येतात. घरात मांजर वावरतंय म्हटल्यावर ते बिचकतात. (घुशीच्या वाटेला मात्र सुंगट जात नाही. शहाणा आहे.) शी-शूसाठी मातीचा ट्रे ठेवला की पिल्लू फार न शिकवता तिथे जातं, कारण विष्ठा पुरणं त्याला उपजतच येतं. आंघोळ त्याची तो घालतो.

पण आमच्या घराला झालेला फायदा वेगळाच. आजोबा गेले आणि आजी सकाळी उठेनाशी झाली. कूस बदलायची, "उठून काय करू?" म्हणायची. चहा थंड व्हायचा. आम्ही समजावलं, चर्चमधल्या बायका येऊन बसल्या, काही उपयोग झाला नाही. उठवलं ते सुंगटने. मांजराची शिकारीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची, त्यामुळे साडेपाचला तो भुकेने तिच्या उशाशी हजर. आधी म्याव, मग नाकाला पंजा. आपण त्याला दटावू शकतो, दुःख सांगू शकत नाही. शिव्या देत का होईना, आजी उठायला लागली. उठल्यावर चहा, मग रोझरी, मग अंगणातली झाडं. मांजर दुःख घालवतं असं मी म्हणणार नाही. पण त्याला वेळेवर खायला लागतं, आणि तेवढ्यावर आमच्या आजीचा दिवस सुरू झाला. याला मतलब म्हणायचं असेल तर म्हणा.

आता थोडं खाण्याचं, कारण इथे आपलं प्रेमच आड येतं. बशीभर दूध ही आपली जुनी समजूत, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. गोड चव तर त्यांना कळतच नाही. मांजर पक्कं मांसाहारी. मांसमासळीतून मिळणारं टॉरिन कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं, त्यामुळे नुसत्या दूधभातावर ठेवू नये. कांदा-लसूण घातलेलं कालवण नको, आणि आपली पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच नको, ती त्याच्यासाठी विष आहे. रेबीजची लस वेळेवर द्यायची. तरी चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

नसबंदीला पुष्कळ जण "पाप" म्हणतात. भर पावसात बाजारामागे खोक्यात टाकलेली पिल्लं मी बघितली आहेत, त्यामुळे हा शब्द मला पटत नाही.

सध्या आमच्या गल्लीतल्या भाटीला तीन पिल्लं झाली आहेत. दोन केशरी आहेत, बहुधा बोके. तिसरं काळं-पांढरं-केशरी, म्हणजे जवळजवळ नक्की मादी, कारण हे रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन महिन्यांची झाली की आईपासून न्यायला हरकत नाही. कुणाला हवं असेल तर मंडळाच्या खोलीत मला गाठा. येताना दूध नको, बांगडा आणा.