पाटी दुसऱ्याची, नफा कोणाचा?

लोणावळ्याच्या बाजारात ‘मगनलाल’ हे नाव चिक्कीच्या अनेक पाट्यांवर दिसते. गूळ-शेंगदाण्याची कृती कोणा एकाच्या मालकीची नाही. ती शिकून धंदा करण्यात गैर काही नाही. पण पाटीही दुसऱ्यासारखी लावली की गिऱ्हाईक फक्त भाव विचारते. याच चिक्कीच्या गावात कूपर्सने फज धरला. त्याचे गिऱ्हाईक नाव विचारीत येते.

स्टार्टअपवाल्यांचेही तेच. दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपन्या एकीमागून एक आल्या आणि सवलतींच्या चढाओढीत पैसा ओतत बसल्या. आम्ही कापडवाले हे रोज पाहतो. चाललेली डिझाइन लगेच सर्वांच्या फळीवर येते आणि भाव पडतो.

तेव्हा मावळातील व्यापारी व कारागीर बंधूंनो, हुनर कोणाकडूनही शिका, नाव मात्र आपले ठेवा आणि नोंदवा. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येते. वैयक्तिक व्यापाऱ्याला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. कापडाचा वर्ग २४, तयार कपड्यांचा २५, मिठाईचा ३०. अर्जापूर्वी तेच नाव आधी कोणी घेतले आहे का, ते तपासावे.