वर्षभराच्या तबकड्या

संगीताचें शास्त्र मला येत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. राग ओळखण्यांत मी दहांपैकीं चार वेळां चुकतों. उरलेल्या सहांपैकीं तीन वेळां आमच्या आत्याबाईंनीं अगोदरच नांव सांगितलेलें असतें. तथापि गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत लोणावळ्याच्या आमच्या घरांत ज्या जुन्या तबकड्या येऊन पडल्या, त्यांची हकीकत वाचकांस, विशेषतः ज्यांच्या माळ्यावर अद्याप एखादा ग्रामोफोन धूळ खात असेल त्यांस, रुचेल अशी आशा आहे.

या छंदाचें मूळ एका अपराधांत आहे. आमच्याकडे वर्षाला दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. कपडे, पुस्तकें, चामड्याच्या वहाणा, सर्वांस बुरशी येते. हिराबाई बडोदेकरांच्या मराठी भावगीताची एक तबकडी आजोबांनीं आणलेली होती आणि ती आत्याबाईंची म्हणूनच घरांत ओळखली जाई. गेल्या चैत्रांत कपाट उघडून पाहिलें तों तिजवर पांढरी बुरशी! मीं ती ओल्या फडक्यानें पुसली आणि वाळावी म्हणून गच्चीवर उन्हांत ठेवली. जुनी तबकडी लाखेची असते आणि लाख उष्णतेनें मऊ होते, हें पोस्टाच्या पाकिटावर आयुष्यभर लाखेच्या मोहरा पाहिलेल्या माणसास आठवूं नये! तासाभरानें गेलों तेव्हां तबकडीचा भाजलेला पापड झाला होता. आत्याबाई कांहींच बोलल्या नाहींत. रात्रीं मात्र त्यांनीं भात मागितला नाहीं.

पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं तेंच गीत मोबाइलवर शोधून दिलें. आत्याबाईंनीं शेवटपर्यंत ऐकलें आणि म्हणाल्या, “हिराबाईच आहेत रे. पण आपल्या घरच्या नव्हेत.” तेव्हांपासून मी दर पंधरवड्यास लोकलनें पुण्यास जाऊन जुन्या बाजारांत रविवार घालवूं लागलों.

जी हवी होती ती मिळेना. नको त्या मात्र पुष्कळ मिळाल्या. पहिली मिळाली ती हिराबाईंच्या वडिलांची, अब्दुल करीमखाँसाहेबांची. खाँसाहेब 1937 सालीं वारले. त्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींही तबकड्या भरल्या होत्या, परंतु त्या वेळीं कर्ण्याच्या तोंडाशीं गळा ताणून गावें लागे. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारें ध्वनिमुद्रण आलें आणि मग हळू, नाजूक स्वरही लाखेवर उमटूं लागला. मला मिळालेली तबकडी या दुसऱ्या काळांतली, झिंझोटीची. लहान भीमसेन जोशी याच झिंझोटीची तबकडी ऐकून वेडे झाले आणि गुरूच्या शोधांत घरांतून पळाले, ही कथा सर्वश्रुत आहे. मी पळालों नाहीं. पण बारा वेळां ऐकली, आणि तितक्याच सुया संपविल्या. पोलादी सुई एका बाजूस एकदांच वापरावी, हा नियम घरांतील मुलांना पटवितां पटवितां पुरेवाट होते.

भाद्रपदांत केसरबाई केरकर आल्या, त्यांची भैरवी. त्यांचे गुरु अल्लादियाखाँसाहेब यांची एकही तबकडी बाजारांत निघाली नाहीं. त्यामुळें त्या गायकीचा अंदाज शिष्यांच्या गळ्यावरूनच करावा लागतो. केसरबाईंच्या भैरवीला जो मान मिळाला, तो मात्र कोणत्याही दरबारानें कोणा गवयास दिला नसेल. 1977 सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. त्यांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडींत हिंदुस्थानी संगीत म्हणून हीच साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती वाजवावयास सोबत सुईही दिली आहे. दुसरें यान सुटलें 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई वारल्या. आत्याबाईंना हें सांगतांच त्या म्हणाल्या, “तिकडे तरी बुरशी येत नसेल.” हा टोला मला होता.

बालगंधर्वांविषयीं लिहितांना हात कांपतो. त्यांच्या चार तबकड्या मिळाल्या, पण माझें मन त्यांत रमलें नाहीं. वन्समोरवर वन्समोर घेऊन रात्र रंगविणारा नट तीन मिनिटांच्या डबींत गुदमरतो, असें मला वाटतें. जाणत्यांनीं क्षमा करावी. किशोरीताई आमोणकरांची मोठी तबकडी उलट ऐसपैस आहे. एका बाजूस भूप, दुसऱ्या बाजूस बागेश्री. तिच्याविषयीं मीं कांहीं लिहावें, असें उरलेलें नाहीं.

भास्करबुवा बखल्यांची तबकडी मात्र मीं वेड्यासारखी विचारीत होतों. दुकानदार हंसला. 1922 सालीं गेलेल्या बुवांचें गाणें कोणत्याच तबकडीवर उपलब्ध नाहीं. परत येतांना गाडी मळवलीस थांबली. तेथून जवळच भाज्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वींची एक स्त्री दगडांत बसून तालवाद्य वाजवीत आहे, पुढें दुसरी नाचत आहे. ठेका कोणता, कोण सांगणार?

अखेर माघांत, एका फाटक्या पाकिटांत, हिराबाई सांपडल्या. तीच तबकडी, पण कडेपासून आंत गेलेली बारीक चीर. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. म्हणजे एका बाजूंत दोनशेंहून अधिक वेळां ‘टक्’. वाजवावी कीं लपवावी, या विचारांत मी दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दिवेलागणीनंतर लावली. आत्याबाईंनीं डोळे मिटले. गीत संपलें, आणि त्या म्हणाल्या, “आतां दुसरी बाजू.”

मी चमकलों. आमच्या तबकडीची दुसरी बाजू मीं कधींच ऐकलेली नव्हती. माझ्या वडिलांनीं लहानपणीं खिळ्यानें तिजवर ओरखडे काढले होते, त्यामुळें ती कोणी लावीत नसे. आत्याबाईंनीं ती ऐकल्याला सत्तर-पंचाहत्तर वर्षें लोटलीं होतीं.

मीं सुई बदलली, किल्ली दिली. दुसऱ्या ओळीपासून आत्याबाई हलक्या आवाजांत बरोबर म्हणूं लागल्या, एकही शब्द न चुकतां. टक्-टक् चालूच होती. सुनाबाई स्वयंपाकघरांतून हात पुशीत येऊन उंबऱ्यापाशीं उभ्या राहिल्या; कुकरची शिट्टी झाली, तरी कोणी हललें नाहीं.