मिठाची ओढ आणि विजेचे बिल
रंगाई कारखानदारांनी समजून घ्यावे असे काही

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. मनुका पाण्यात भिजवली की फुगते. नियम एकच. मधे बारीक पडदा असला की मीठ किंवा साखर जिकडे जास्त, तिकडे पाणी आपणहून ओढले जाते. यालाच ऑस्मोसिस, म्हणजे परासरण म्हणतात.

ही ओढ लहान नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते व गोडे पाणी यांच्यामध्ये पडदा ठेवला तर सुमारे २७ बार दाब तयार होतो, म्हणजे २७० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका! या दाबावर चक्र फिरवून वीज काढता येते. नॉर्वेच्या स्टॅटक्राफ्ट या सरकारी कंपनीने २००९ साली टोफ्टे येथे असे केंद्र उभारले. परंतु पडद्याच्या चौरस मीटरमागे ५ वॅट हवे असताना १ वॅटच्या आसपासच मिळाले. हिशेब जमला नाही व काम थांबले. जपानमध्ये फुकुओका येथे २०२५ साली सुरू झालेल्या केंद्रात समुद्राचे पाणी गोडे करताना उरलेले दाट खारे पाणी वापरतात. पाणी दाट, म्हणून ओढ जास्त. वर्षाला सुमारे ८ लाख ८० हजार युनिट विजेची अपेक्षा आहे.

आता आपल्या धंद्याकडे वळू. आर.ओ. मशीनमध्ये हाच नियम उलटा चालतो. मिठाच्या ओढीपेक्षा जास्त दाब पंपाने द्यावा लागतो. अर्थात जितके मीठ जास्त, तितके बिल जास्त. तेल व द्रावक पडद्याने वेगळे करतानाही अशी ओढ जिंकावी लागते. तरीही अमेरिकेत ब्यूमाँटच्या रिफायनरीने १९९८ पासून द्रावक तापवून उडवण्याऐवजी त्याचा काही भाग पडद्यातून गाळून परत वापरला, कारण तेथे इंधन वाचत होते.

सुती कापडाला गडद रिॲक्टिव्ह रंग देताना लिटरमागे ५० ग्रॅम किंवा अधिक मीठ पडते, म्हणजे समुद्रापेक्षाही खारे. हे पाणी धुलाईच्या पाण्यात सोडले की सगळेच खारे होते आणि सगळ्यावरच जास्त दाब द्यावा लागतो. म्हणून दोन्ही नाल्या वेगळ्या ठेवाव्यात. धुलाईचे पाणी स्वस्तात साफ होते.

ही चैनीची गोष्ट नव्हे. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरची सातशेहून अधिक रंगाई युनिटे बंद झाली. किती घरांची रोजी थांबली असेल!

सबब मशीन घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. किती खाऱ्या पाण्यावर चालेल? हजार लिटरमागे किती युनिट लागतील? पडदे केव्हा बदलावे लागतील व कितीला? उत्तरे लेखी घ्या. इसराफ पाण्याचा असो की पैशाचा, टाळलेलाच बरा.