आगगाडीचा लांबचा प्रवास

आपल्या आष्टीत रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर आधी एस.टी.ने आर्वी आणि मग पुलगाव गाठावे लागते. पूर्वी आर्वी ते पुलगाव ही ३५ किलोमीटरची छोटी गाडी अरुंद रुळांवरून धावत असे. ती १९१७ मध्ये सुरू झाली होती. आता ती बंद आहे. पुलगावहून मात्र मुंबई-हावडा हा मोठा लोहमार्ग जातो. आपला लांबचा प्रवास तिथून सुरू होतो.

या प्रवासात खरी मजा असते. खिडकीतून पऱ्हाटीची शेते पाहावीत. बडनेरा, अकोला, भुसावळ अशा पाट्या वाचाव्यात. पूर्वी प्रवासी घरून वळकटी आणि पाण्याची सुरई, म्हणजे आपली सुराही, बरोबर घेत. जेवणाच्या वेळी डबे उघडत. "थोडे तरी घ्या," असा आग्रह होई आणि अनोळखी माणसे ओळखीची होत.

मग तेव्हा सगळेच सुख होते का? नाही. तिसऱ्या वर्गात लाकडी बाके असत. त्यांवर रात्र काढताना पाठ दुखून येई. १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद झाला, पण लाकडी फळ्या तशाच राहिल्या. १९७७ ते १९७९ या काळात प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांनी दुसऱ्या वर्गातील फळ्यांवर २ इंच जाडीची मऊ गादी बसवण्यास सुरुवात केली. १९७७ मध्येच मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात सर्वांसाठी एकच वर्ग होता. ही गाडी आपल्या वर्धा जिल्ह्यातूनच जाते.

आज गाद्या आहेत, पंखे आहेत, मोबाईलसाठी विजेची सोयही आहे. परंतु सर्वसाधारण डब्यात पाय ठेवायला जागा नसते. कित्येक प्रवासी संडासाजवळ उभे राहून रात्र काढतात. मार्च २०२० पासून वृद्धांची भाड्यातील सवलतही बंद झाली. गादी मिळाली, पण बसायला जागा उरली नाही!

डबे वाढवणे हे रेल्वेचे काम आहे. सामान्य माणसाचा विचार झाला, तर लाकडी फळीवरही गादी येते, हे आपण पाहिलेच. पण थोडे सरकून एखाद्या आजीला जागा देणे हे काम आपले आहे. पुढच्या प्रवासात खिडकीबाहेर जरूर पाहा. पण त्याआधी शेजारी कोण उभे आहे, तेही पाहा.