नियामकाचे नियमन : लेट-७ मायक्रोआरएनए आणि लिन२८ प्रथिन

प्रास्ताविक

मायक्रोआरएनए हा जनुकांच्या अभिव्यक्तीवर नियंत्रण ठेवणारा, सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा लघुरेणू आहे. त्याचा पहिला नमुना, लिन-४, १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांच्या संशोधनातून सूत्रकृमीत उजेडात आला. त्याबद्दल उभयतांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००० मध्ये आढळलेला लेट-७ सूत्रकृमीपासून मानवापर्यंत जवळजवळ अबाधित राहिला आहे. इतरांचे नियमन करणाऱ्या या रेणूचे स्वतःचे नियमन कसे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मितीचे टप्पे

जनुकापासून प्रथम लांब प्राथमिक आरएनए तयार होतो. केंद्रकात ड्रोशा हे विकर त्यातून केसपिनेच्या आकाराचा तुकडा कापून काढते. हा तुकडा एक्स्पोर्टिन-५ मार्फत पेशीद्रव्यात येतो. तेथे डायसर विकर त्याचे वेटोळे छाटते आणि उरलेल्या दुहेरी तुकड्यातील एक धागा आर्गोनॉट प्रथिनात बसतो. हे संकुल अंशतः पूरक क्रमाच्या संदेशवाहक आरएनएला बांधले जाऊन प्रथिननिर्मिती रोखते.

लिन२८ चा अडसर

भ्रूणीय मूलपेशींत लेट-७ चा प्राथमिक आरएनए आढळतो. परिपक्व लेट-७ मात्र अत्यल्प असतो. याचे कारण लिन२८ हे प्रथिन होय. ते केसपिनेच्या वेटोळ्याला बांधले जाते व टीयूटी४ या विकरास तेथे आणते. हे विकर तुकड्याच्या टोकाला युरिडिनांची शेपटी जोडते. अशा तुकड्यावर डायसरची क्रिया होत नाही आणि डीआयएस३एल२ विकर त्याचा नाश करते. विभेदन सुरू झाले की लिन२८ घटते व लेट-७ परिपक्व होऊ लागतो. पुढे लेट-७ लिन२८ च्याच संदेशवाहकाचे दमन करतो. या परस्परविरोधामुळे पेशीची बदललेली अवस्था स्थिर होते.

अनेक अर्बुदांत लिन२८ पुन्हा सक्रिय झालेले दिसते. लेट-७ घटल्याने रास व एचएमजीए२ या वृद्धिपोषक प्रथिनांवरील अंकुश सुटतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, जनुकाचे प्रतिलेखन होते एवढ्यावरून मायक्रोआरएनए कार्यरत आहे, असे अनुमान काढणे युक्त नाही. केवळ प्राथमिक आरएनए मोजल्यास मूलपेशी व विभेदित पेशी यांतील भेद निसटू शकतो. म्हणून परिपक्व रेणूचे स्वतंत्र मापन आवश्यक ठरते. जनुकाकडून प्रथिनाकडे जाणारी सरळ रेषा फळ्यावर काढताना तिच्यावरील हे अडसरही विद्यार्थ्यांसमोर मांडणे अगत्याचे आहे.