दवाखान्यातील बॅटरीचे भरणपोषण

इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांतच निकामी झाली, ही तक्रार आपल्या व्यवसायबंधूंकडून वारंवार ऐकू येते. दोष पुष्कळदा बॅटरीचा नसून चार्जिंगचा असतो.

१५० अँपिअर-तास क्षमतेच्या, १२ व्होल्टच्या ट्यूब्युलर बॅटरीस प्रथम सुमारे १५ अँपिअरचा स्थिर प्रवाह दिला जातो. व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोहोचले की साधारणतः ८० टक्के भरणा झालेला असतो. यापुढे व्होल्टेज स्थिर राखून प्रवाह हळूहळू उतरू द्यावयाचा. हा दुसरा टप्पा संथ, कित्येक तासांचा. आणि वीज पुन्हा गेली की नेमका तोच अपुरा राहतो. उरलेले लेड सल्फेट कालांतराने प्लेट्सवर कठीण स्फटिकरूप धारण करते व मग सहसा विरघळत नाही. मुतखड्याची आठवण व्हावी! तिसऱ्या टप्प्यात १३.५ व्होल्टच्या जवळपास केवळ ‘मेंटेनन्स डोस’. ज्या स्वस्त चार्जरमध्ये हा टप्पाच नसतो, तो १४.४ वरच अडून राहतो. पाणी आटते, प्लेट्स झिजतात, उन्हाळ्यात अधिकच.

लसींच्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान अखंड राहावे लागते. त्याची भिस्त या बॅटरीवर असेल, तर महिन्यातून एकदा तरी तिला रात्रभर निवांत, पूर्ण भरू द्यावे. डिस्टिल्ड वॉटरची पातळी त्यानंतरच पुरी करावी. प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे.